डेबिट कार्डावरून दर महिन्याला परस्पर पैसे कापले जातायत? तक्रार कुठे, कशी आणि कोणत्या शब्दांत करायची

दर महिन्याच्या ठरावीक तारखेला खात्यातून 199 किंवा 499 रुपये जातात. स्टेटमेंटमधलं कंपनीचं नाव ओळखीचं नसतं. बँकेत विचारायला गेलं की काउंटरवरून उत्तर येतं, ‘तुम्हीच ओटीपी दिलाय, आम्ही काही करू शकत नाही.’ बरेच जण इथेच नाद सोडतात. सोडू नका. मँडेट, म्हणजे आपोआप कपातीची सोय, करताना दिलेला ओटीपी म्हणजे एका कंपनीला, ठरलेल्या रकमेपर्यंत, ठरलेल्या मुदतीसाठी दिलेली परवानगी, आणि ती केव्हाही मागे घेता येते. त्या चौकटीबाहेरच्या प्रत्येक कपातीवर तक्रार करता येते. फक्त ती नेमकी मांडावी लागते.

पैसे कोणत्या वाटेने गेले, ते आधी ओळखा

कंपनीला कार्डाची माहिती दिली होती म्हणून पैसे कार्डावरूनच जातात असं नाही. वाटा तीन आहेत आणि प्रत्येक वेगळ्या ठिकाणी बंद होते.

कार्डावरचा ई-मँडेट असेल तर स्टेटमेंटच्या ओळीत बहुधा कार्डाचे काही अंक आणि ‘एसआय’ (स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे बँकेला दिलेली कायमची सूचना) किंवा ‘ईकॉम’ अशी अक्षरं दिसतात. यूपीआय ऑटोपे असेल तर ओळीत ‘यूपीआय’ असतं. तिसरी वाट एनएसीएचची, म्हणजे थेट खात्यातून आपोआप कपात करणाऱ्या यंत्रणेची. बोलताना आपण तिला ‘नॅच’ म्हणतो. तिथे ‘एसीएच’ किंवा ‘नॅच’ लिहिलेलं असतं. अक्षरं बँकेगणिक बदलतात, त्यामुळे शंका असेल तर बँकेला एवढंच विचारा: ‘हा व्यवहार कार्डाचा, यूपीआयचा की नॅचचा?’

सगळ्यात जास्त फसगत होते ती नॅचमध्ये. ई-नॅच करताना डेबिट कार्डाचा तपशील आणि ओटीपी मागतात, पण तो फक्त तुमची ओळख पटवण्यासाठी. मँडेट बसतो तो थेट खात्यावर. म्हणून कार्ड ब्लॉक केलं, नवीन कार्ड घेतलं, तरी पुढच्या महिन्यात पैसे जातातच. कर्जाचे हप्ते, विमा, एसआयपी यांत हे नेहमी दिसतं.

नाव ओळखीचं नाही म्हणून लगेच ‘फसवणूक’ म्हणू नका. ॲपचं नाव एक आणि मालक कंपनीचं नाव दुसरंच, असं सर्रास असतं. कधी तर पेमेंट गेटवेचंच नाव छापून येतं. पहिली कपात झाली त्या दिवसाच्या आसपासचे ईमेल आणि एसएमएस चाळा. ‘ट्रायल’, ‘सबस्क्रिप्शन’, ‘मँडेट’ हे शब्द शोधा. 1, 2 किंवा 5 रुपयांची एखादी जुनी कपात सापडली तर धागा तिथेच आहे, कारण फुकट ट्रायलच्या वेळी मँडेट नोंदवताना अशी किरकोळ रक्कम घेतली जाते. घरातल्या मुलांच्या फोनवर तुमचं कार्ड जोडलेलं आहे का, तेही पाहा.

पुढची कपात थांबवा

परताव्याची लढाई महिनाभर चालू शकते, मँडेट बंद करण्याचं काम मात्र आजच्या आज करता येतं. कार्डाच्या मँडेटसाठी बँकेच्या ॲपमध्ये ‘ई-मँडेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ हा भाग शोधा. बऱ्याच बँका यासाठी एसआय हब किंवा मँडेट एचक्यू यांसारखी व्यवस्था वापरतात. तिथे बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच जा. गूगलवर सापडलेल्या कस्टमर केअरच्या क्रमांकावर फोन करू नका. अडलेल्या ग्राहकाला गाठायला भामटे असेच क्रमांक पेरून ठेवतात. मँडेट रद्द करताना ओटीपी येतो, तो नियमाप्रमाणेच येतो, पण तुम्ही स्वतः त्या पानावर टाकायचा. फोनवर कुणालाही सांगायचा नाही.

यूपीआय असेल तर ज्या ॲपमधून ऑटोपे केलं होतं तिथे जाऊन ते रद्द करा. ‘पॉज’ दाबून थांबू नका, पॉजची मुदत संपली की कपात पुन्हा सुरू होते. नॅच असेल तर स्टेटमेंटमधून किंवा बँकेकडून यूएमआरएन हा मँडेटचा क्रमांक मिळवा आणि नेटबँकिंगमधून किंवा शाखेत लेखी अर्ज देऊन तो रद्द करा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. कर्जाचा मँडेट रद्द केला म्हणून कर्ज रद्द होत नाही, हप्ता चुकल्याची नोंद क्रेडिट अहवालात जाते.

प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून घेतलेली वर्गणी तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीतून काढावी लागते. ॲप डिलीट केल्याने वर्गणी थांबत नाही. कंपनी परदेशी असेल आणि भारतातल्या मँडेटच्या यादीत ती दिसतच नसेल, तर बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बंद करा. कंपनीचा काहीच पत्ता लागत नसेल तर कार्ड कायमचं ब्लॉक करून नवीन घ्या.

खातं रिकामं ठेवून कपात चुकवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. नॅच परत गेला की बँक प्रत्येक वेळी दंड लावते, वर जीएसटी.

मँडेट रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट तारीख आणि वेळेसकट ठेवा, आलेला एसएमएसही पुसू नका. पुढे सगळं याच तारखेवर उभं राहतं.

तक्रारीचा प्रकार निवडताना

बँकेच्या फॉर्मवर व्यवहार का अमान्य आहे, याचे पर्याय असतात. लोक रागाच्या भरात ‘मी हा व्यवहार केलेला नाही’ यावर खूण करतात. मग बँक नोंद काढते, पहिल्या व्यवहाराला तुमचाच ओटीपी दिसतो, आणि तक्रार फेटाळली जाते. तुमचं म्हणणं खरं असूनही हरता, कारण खूण चुकीच्या चौकटीत पडली.

कार्ड, कंपनी, ट्रायल यांतलं काहीच तुमचं नसेल तर ती फसवणूक. तेव्हा ‘अनधिकृत व्यवहार’ हाच पर्याय, शिवाय 1930 या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. त्या तक्रारीचा क्रमांक बँकेच्या अर्जात लिहा.

वर्गणी तुम्ही घेतली होती आणि रद्द केल्यावरही पैसे गेले, तर पर्याय ‘रद्द केलेला आवर्ती व्यवहार’. व्हिसाच्या नियमांत याला स्वतंत्र कोड आहे, 13.2. ठरल्यापेक्षा जास्त रक्कम गेली किंवा मुदत संपल्यावर गेली, तर तसंच लिहा. पैसे परत देतो म्हणून कंपनीने कळवलं आणि दिले नाहीत, तर ‘परतावा मिळाला नाही’. कंपनी परतावा पाठवल्याचं सांगत असेल तर तिच्याकडे 23 अंकी एआरएन (परताव्याचा माग काढण्याचा क्रमांक) मागा. तो बँकेला दिला की पैसे कुठे अडकलेत ते शोधता येतं.

चौथा प्रकार बँकेविरुद्धचा आहे आणि तो फारसा कुणी वापरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांप्रमाणे कार्ड आणि यूपीआयवरच्या बहुतेक कपातींच्या किमान 24 तास आधी बँकेने ग्राहकाला सूचना द्यावी लागते. त्यात कंपनीचं नाव, रक्कम, कपातीची तारीख-वेळ, संदर्भ क्रमांक आणि कपातीचं कारण असायला हवं, आणि तो व्यवहार किंवा अख्खा मँडेट नाकारण्याची सोयही. रकमेची मर्यादा जून 2022 पासून 15,000 रुपये आहे. त्यावरच्या कपातीला दर वेळी वेगळा ओटीपी लागतो. म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना डिसेंबर 2023 पासून एक लाखापर्यंत सूट आहे. म्हणून ‘ओटीपी दिलाय’ या उत्तरावर प्रतिप्रश्न करा: मँडेट कोणत्या तारखेला नोंदला, कमाल रक्कम किती, मुदत कधीपर्यंत, आणि वादातल्या प्रत्येक कपातीआधीची सूचना कोणत्या क्रमांकावर किंवा ईमेलवर, किती वाजता गेली? हे लेखी मागा. फसवणुकीतही ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवरच असतो.

अर्ज असा लिहा

आधी कंपनीला ईमेल करा, कारण बँक विचारतेच. उत्तरासाठी आठवडाभरापेक्षा जास्त थांबू नका. फसवणूक असेल तर एक दिवसही थांबू नका, थेट बँकेकडे जा. बँकेचा अर्ज एका पानात बसवा. पाल्हाळ वाचायला तिथे कुणाला वेळ नसतो. मजकूर साधारण असा (त्यातला ‘चार्जबॅक’ म्हणजे बँकेने कार्डाच्या नेटवर्कमार्फत कंपनीकडून पैसे परत मागणं):

‘माझ्या बचत खात्यातून (शेवटचे चार अंक ____) डेबिट कार्डाद्वारे (शेवटचे चार अंक ____) खालील रकमा ____ या कंपनीने घेतल्या आहेत: तारीख, रक्कम, व्यवहार संदर्भ क्रमांक. या कंपनीचा मँडेट मी दिनांक ____ रोजी रद्द केला असून पुरावा सोबत जोडला आहे. त्यानंतरच्या या कपाती मला मान्य नाहीत. रक्कम परत मिळवण्यासाठी चार्जबॅक दाखल करावा, मँडेट नोंदणीचा तपशील आणि प्रत्येक कपातीपूर्वी पाठवलेल्या सूचनांची नोंद द्यावी, ही विनंती. तक्रार क्रमांक आणि निकालाची मुदत लेखी कळवावी.’

प्रत्येक कपात वेगळ्या ओळीत लिहा. ‘गेले सहा महिने पैसे जात आहेत’ असं मोघम लिहिलं तर एखाद्याच व्यवहाराची नोंद होते आणि बाकीचे सुटतात. सोबत खुणा केलेलं स्टेटमेंट, मँडेट रद्द केल्याचा पुरावा, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार आणि नोंदणीच्या वेळच्या अटींचा स्क्रीनशॉट मिळत असेल तर तो जोडा. पूर्ण कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही, पिन कुठेही लिहू नका. फोनवर तक्रार केलीत तरी त्याच दिवशी ईमेल करा. फोनवरचं बोलणं नंतर कुणालाच आठवत नाही.

मुदती

रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांसाठी ग्राहकाची जबाबदारी ठरवली. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, त्रयस्थ ठिकाणी गडबड झाली, आणि बँकेचा संदेश आल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. संदेश आला तो दिवस मोजायचा नाही. 4 ते 7 दिवसांत कळवलंत तर नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 आणि मूलभूत बचत खात्याला 5,000 रुपयांपर्यंत तोटा सोसावा लागू शकतो. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे. कळवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि 90 दिवसांत निकाल द्यायचा, असं तेच परिपत्रक सांगतं. सहकारी बँकांसाठी असेच नियम डिसेंबर 2017 मध्ये आले. बँकेचं चालू धोरण तिच्या संकेतस्थळावर असतं, अर्जाआधी ते पाहून घ्या.

यातली एक तरतूद विशेष महत्त्वाची. चूक बँकेची असेल तर तुम्ही केव्हा कळवलंत याला महत्त्व नाही, तुमचं नुकसान शून्यच. मँडेट बँकेकडेच रद्द केला होता आणि तरी बँकेने पैसे जाऊ दिले, तर अर्जात ‘बँकेच्या सेवेतील त्रुटी’ हे शब्द स्पष्ट लिहा.

चार्जबॅकचं घड्याळ वेगळं. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या बहुतेक प्रकारांत साधारण 120 दिवस मिळतात, रुपेचे नियम निराळे आहेत, आणि बँका स्वतःच्या फॉर्मवर त्याहून कमी दिवस देतात. त्यामुळे जुन्या कपातींचे पैसे मिळायचे तर ते कंपनीकडून किंवा ग्राहक आयोगाच्या मार्गाने. अलीकडच्या कपातींचा अर्ज मात्र लगेच द्या.

बँकेने हात झटकले तर

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. 14448 वर मराठीतून माहिती मिळते. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल अर्ज घेतच नाही, म्हणून तो तक्रार क्रमांक जपायचा. महाराष्ट्रात अनेकांची खाती नागरी सहकारी बँकांत असतात. 50 कोटींवर ठेवी असलेल्या अशा बँकांविरुद्धही लोकपालाकडे जाता येतं. पतसंस्था मात्र त्यात येत नाहीत.

कंपनीविरुद्धचा मार्ग वेगळा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवली जाते, आणि लहान रकमांचे परतावे इथे बरेचदा सुटतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’च्या 13 प्रकारांना मनाई केली, त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ आहे: वर्गणी सुरू करणं सोपं, रद्द करणं मुद्दाम अवघड, रद्द करण्याचं बटण लपवलेलं. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर त्या पानांचे स्क्रीनशॉट काढून तक्रारीत हे नाव घेऊन लिहा.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. अर्ज ई-जागृती पोर्टलवर करता येतो, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पण एकाच तक्रारीसाठी बँकेविरुद्ध आयोग आणि लोकपाल असे दोन्ही दरवाजे एकदम ठोठावू नका. प्रकरण आयोगापुढे असेल तर लोकपाल ते हाती घेत नाही. म्हणून आधी लोकपाल, तिथे जमलं नाही तर आयोग.

अर्ध्या परताव्यावर प्रकरण मिटवायला कंपनी तयार झाली तर ‘पूर्ण आणि अंतिम’ असं लिहिलेल्या मजकुराला होकार देण्याआधी हिशेब करा. होकार दिल्यावर उरलेल्या रकमेचा चार्जबॅक टिकत नाही. आणि मँडेट रद्द केल्यानंतरच्या पहिल्या देय तारखेला, मग त्यापुढच्या तारखेलाही स्टेटमेंट उघडून पाहा. वर्षाची वर्गणी असेल तर ती तारीख कॅलेंडरमध्ये आत्ताच टाकून ठेवा.