थंडीआधी सायकलची चेन आणि गिअर

दिवाळीचा फराळ संपत आला की नागपुरात फुटाळा तलावाकडे पहाटे सायकलवर निघणाऱ्यांची बोटं ब्रेकवर आखडायला लागतात. २९ डिसेंबर २०१८ ला तर इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तरी आपली थंडी कोरडी. परदेशात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं चेन गंजते, म्हणून तिकडे चेनऐवजी बेल्ट किंवा हबच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या तुंब्याच्या, पोटातले गिअर घेतात. ते व्हिडिओ पाहून भुलू नका. बेल्टला जोड नसतो, तो घालायला उघडणारी फ्रेम लागते. आपल्या जुन्या सायकलवर तो बसतच नाही.

आपला वैरी धूळ. मागच्या हिवाळ्यात मी पावसाळ्यातलं उरलेलं घट्ट तेल चेनला पाजलं आणि गोरेवाड्याहून परत येईस्तोवर तिच्यावर काळी पेंड जमली. आता कोरडं ल्यूब, म्हणजे धूळ कमी धरणारं वंगण, तेही आदल्या रात्री: आतल्या बाजूनं प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल उलटं फिरवायचं, वरचं पुसून काढायचं.

पण आधी मोजपट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यापासून चोवीस कड्या मोजल्या की बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. पिन १/१६ इंच पुढे सरकली असेल तर चेन बदला. नवी चेन जुन्या कॅसेटवर (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचावर) घसरत असेल तर कॅसेटही गेली समजा.

गिअर किती? गावातल्या गावात फिरणाऱ्याला एकच पुरे. पुढे ४४, मागे १८ दाते असले की पायडलच्या एका फेऱ्यात पाचेक मीटर जाता येतं. सेमिनरी हिल्सचा चढ मात्र उभं राहून मारावा लागेल. रामटेकला गडावर चढवायची असेल तर पुढे ३२ चं एकच चक्र आणि मागे ३४ पर्यंतची आठ गिअरची कॅसेट घ्या. पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) नाही, म्हणजे एक केबल कमी आणि गारठलेल्या डाव्या अंगठ्याला सुट्टी. अकरा-बारा गिअरच्या बारीक चेनी महाग पडतात, हिवाळ्यासाठी मी तरी घेणार नाही.

पिशवीत चेनची एक जादा जोडकडी, चेन तोडायचं हत्यार आणि जुना फडका. फडका विसरू नका, काळ्या हातांनी तर्रीपोह्याची प्लेट धरवत नाही.