रेसिडेन्स परमिटची मुदत संपली आणि नवे कार्ड आले नाही: जर्मनीतील विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

जर्मनीत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना एका अवघड काळातून जावे लागते. खिशातल्या रेसिडेन्स परमिटवरची तारीख उलटून गेलेली असते, मुदतवाढीचा अर्ज आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, पडून असतो आणि अपॉइंटमेंट कधी मिळेल हे कोणीच सांगू शकत नाही. मोठ्या शहरांत ही प्रतीक्षा काही महिने लांबू शकते. नेमक्या याच काळात वेर्कश्टुडेंटच्या, म्हणजे शिकता शिकता करायच्या, नोकरीचा करार वाढवायचा असतो, खोली बदलायची असते आणि इकडे घरी बहिणीचे लग्न ठरलेले असते. या काळात विद्यार्थ्यांकडून होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी माझ्या मते एकच गैरसमज आहे. कार्डावर छापलेली तारीख म्हणजेच सर्व काही, असे ते धरून चालतात. प्रत्यक्षात कायदा त्याहून अधिक महत्त्व देतो ते आपण अर्ज कोणत्या तारखेला केला याला.

अर्ज उशिरा करणे आणि केल्याचा पुरावा न ठेवणे

जर्मनीच्या निवास कायद्यातील कलम 81 चे चौथे उपकलम प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी नीट समजून घ्यावे. जुन्या परवान्याची मुदत संपण्यापूर्वी मुदतवाढीचा किंवा दुसऱ्या परवान्याचा अर्ज केला असेल, तर कार्यालयाचा निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचे मानले जाते, असे ते सांगते. भारतातून येताना पासपोर्टवर मिळालेल्या राष्ट्रीय व्हिसालाही हेच लागू होते, त्यामुळे पहिल्याच वर्षी व्हिसा संपत आलेल्या विद्यार्थ्यालाही या तरतुदीचा आधार मिळतो. अर्ज मुदतीच्या आत पोहोचला की नवे कार्ड सहा महिन्यांनी आले, तरी आपले वास्तव्य कायदेशीरच राहते.

गोंधळ होतो तो अर्ज कशाला म्हणायचे याबाबत. केवळ अपॉइंटमेंट मागणे किंवा संकेतस्थळावरच्या प्रतीक्षा यादीत नाव घालणे म्हणजे अर्ज झाला, असे समजून अनेक जण निर्धास्त राहतात. काही शहरांत ऑनलाइन अर्जाची रीतसर सोय आहे आणि तिथे ती वापरावी. पण जिथे परिस्थिती संदिग्ध असेल तिथे साध्या शब्दांत लेखी अर्ज पाठवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. माझे नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक अमुक, माझा परवाना अमुक दिवशी संपत आहे आणि मी शिक्षणासाठी मुदतवाढीचा अर्ज याद्वारे करीत आहे, एवढे एक स्पष्ट वाक्य त्यात असले पाहिजे. तो ईमेलने पाठवावा, शक्य असल्यास पोच मिळणाऱ्या टपालानेही पाठवावा, आणि आपोआप आलेले उत्तर, टपालाची पावती व पाठवलेल्या कागदांची प्रत एका ठिकाणी जपून ठेवावी. पुढे वाद झाला, तर हीच पावती आपली बाजू सांभाळते.

मुदत संपायला दोन ते तीन महिने असतानाच तयारी सुरू करावी. विद्यापीठाचे चालू सत्राचे नोंदणीपत्र, आतापर्यंतच्या विषयांचे गुण, आरोग्य विम्याचे प्रमाणपत्र, भाडेकरार, पत्त्याची नोंदणी आणि पुढील वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवणारे कागद सर्वसाधारणपणे मागितले जातात. सप्टेंबर 2024 पासून व्हिसासाठीच्या ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठरावीकच पैसे काढता येणाऱ्या खात्याचा, हिशेब महिन्याला 992 युरो, म्हणजे वर्षाला 11,904 युरो असा झाला; मुदतवाढीच्या वेळीही तरतुदीची चौकशी होतेच, तेव्हा शेवटच्या महिन्यात बाबांकडून घाईने पैसे मागवण्याची वेळ येऊ देऊ नये. फोटोचीही एक अडचण आहे. मे 2025 पासून या कार्डांसाठी छापील फोटोऐवजी डिजिटल फोटोची पद्धत आली, त्यामुळे पुण्याहून येताना डझनभर फोटो काढून आणलेल्यांना त्यांचा इथे उपयोग होत नाही.

शहर बदलले असेल, तर अर्ज नव्या पत्त्याच्या कार्यालयाकडे करावा लागतो. आपली फाइल जुन्या शहरातून नव्या शहरात जाईपर्यंत बरेच आठवडे निघून जातात. म्हणून घर बदलल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करण्याचा नियम कधीही सैल धरू नये.

कार्डासोबतचा हिरवा कागद न वाचणे

परवान्याबरोबर झुझात्सब्लाट नावाचा एक जोडकागद मिळतो आणि तो बहुतेकांच्या कपाटात न वाचताच पडून राहतो. किती काम करता येईल, परवाना कोणत्या शिक्षणासाठी आहे आणि कोणत्या परिस्थितीत तो आपोआप संपतो, हे त्यावरच लिहिलेले असते. काहींच्या कागदावर शिक्षण संपताच परवाना संपेल, अशी अट असते. अशा विद्यार्थ्याने पदवी पूर्ण करून विद्यापीठातून नाव काढले, तर कार्डावर आठ महिने शिल्लक दिसत असूनही त्याचा परवाना त्या दिवशीच संपलेला असू शकतो. म्हणून नाव काढण्यापूर्वीच नोकरी शोधण्याच्या 18 महिन्यांच्या परवान्यासाठी अर्ज करून ठेवावा. प्रबंधाचे काम भारतात बसून पूर्ण करायचे ठरवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कार्यालयाने आधी अधिक मुदत मंजूर केलेली नसेल, तर सहा महिन्यांहून अधिक काळ जर्मनीबाहेर राहिल्यास परवाना रद्द होतो.

फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंगवरची चौकट न पाहणे

अर्ज प्रलंबित असल्याचा जो अधिकृत कागद मिळतो त्याला फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग म्हणतात. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तो नुसता ‘फिक्शन’ होतो. त्याचे शुल्क 13 युरो आहे. तो हातात पडला की सुटकेचा निःश्वास टाकून मुले विमानाची तिकिटे काढतात, पण तिसऱ्या पानावरच्या तीन चौकटींपैकी कोणत्या चौकटीवर खूण केली आहे, यावर सगळे अवलंबून असते. पहिली चौकट वास्तव्याला परवानगी असल्याचे मानते आणि दुसरी केवळ देशाबाहेर काढण्याची कारवाई स्थगित असल्याचे सांगते. या दोन्हींवर जर्मनीबाहेर जाऊन व्हिसाशिवाय परत येता येत नाही. तिसरी चौकट मात्र कलम 81 च्या चौथ्या उपकलमानुसार जुना परवाना चालू असल्याचे मानते आणि जुने कार्ड किंवा जुना व्हिसा व पासपोर्ट यांच्यासह तिच्या आधारे जर्मनीत परतता येते. मुदतीत अर्ज करूनही चुकीच्या चौकटीवर खूण झाली असेल, तर टेबलासमोरून उठण्यापूर्वी ती दुरुस्त करून घ्यावी, कारण नंतर त्यासाठी पुन्हा अपॉइंटमेंट मिळवावी लागते.

नोकरीबाबत दोन टोकांच्या चुका

पहिली चूक म्हणजे कार्ड संपले म्हणून स्वतःहून नोकरी सोडणे. तिसऱ्या चौकटीच्या स्थितीत जुन्या परवान्यातली कामाची मुभाही चालू राहते, म्हणजे वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते. विद्यापीठातली साहाय्यकाची कामे या मोजणीत येत नाहीत. वैध परवाना तपासून त्याची प्रत ठेवण्याचे बंधन कायद्याने मालकावर असते, त्यामुळे मनुष्यबळ विभाग कार्ड संपल्यावर हटकणारच. त्यांच्यावर चिडण्यापेक्षा फिक्शनची प्रत, अर्जाची पोच आणि कलम 81 चा उल्लेख असलेले छोटे पत्र त्यांना मुदत संपण्यापूर्वीच द्यावे. कायद्याने मिळणारे संरक्षण वेळेवर केलेल्या अर्जामुळे असते, कागद हा त्याचा पुरावा असतो, हे खरे. पण मालकाला कागदच लागतो, आणि म्हणून तो मागून घेणे आवश्यक ठरते.

दुसरी चूक अधिक महागात पडते. पदवी मिळाली, ब्लू कार्डाचा, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्याचा, अर्ज केला, फिक्शन हाती आले आणि लगेच पूर्णवेळ नोकरी सुरू केली, असे अनेकदा घडते. फिक्शन जुना हक्क पुढे चालू ठेवते. नवा हक्क देत नाही. नव्या परवान्यातले काम तो परवाना मंजूर होऊन कार्ड बनवायला दिल्यानंतरच सुरू करता येते आणि तसे त्या कागदावर नोंदवून घ्यावे. परवानगीशिवाय काम केल्यास काम करणाऱ्याला 5,000 युरोपर्यंत आणि मालकाला 5 लाख युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रवास: इथे सर्वाधिक सावधगिरी हवी

भारतात जाणे सोपे असते, परत येणे अवघड. मुंबई विमानतळावरच्या चेक-इन काउंटरवरील कर्मचाऱ्याने हा घडी घातलेला जर्मन कागद पूर्वी पाहिलेला असेलच असे नाही, आणि त्याला शंका आली तर तो विमानात चढू देत नाही. म्हणून शक्यतो मुंबई–फ्रँकफर्ट किंवा मुंबई–म्युनिक असे थेट विमान घ्यावे, कंपनीला आधी लेखी विचारून ते उत्तर जवळ ठेवावे, आणि मुदत संपलेले कार्ड चुकूनही घरी ठेवून जाऊ नये, कारण त्याशिवाय फिक्शनचा प्रवासासाठी उपयोग नाही. लंडनमार्गे तिकीट स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यांनी विशेष जपावे: तिथे भारतीय पासपोर्टवर विमान बदलताना ट्रान्झिट व्हिसातून मिळणारी सूट युरोपीय देशाच्या वैध रेसिडेन्स परमिटवर अवलंबून असते, आणि तारीख उलटलेले कार्ड दाखवून ती मिळेल अशी आशा धरू नये. फिक्शनची स्वतःची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान काही आठवडे तरी असावी. ती भारतात असताना संपली, तर मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे नव्याने व्हिसा मागण्याची वेळ येऊ शकते आणि तोवर सत्र सुरू झालेले असते.

शनिवार-रविवारी बसने प्राग किंवा ॲमस्टरडॅमला जाणेही वाटते तितके निर्धोक नाही. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली आणि रात्रीच्या बसमध्ये पोलीस चढून कागद पाहतात. ज्यांचा अर्ज मुदतीनंतर गेला आहे किंवा ज्यांच्याकडे फिक्शनच नाही, त्यांनी या काळात देशाची सीमा ओलांडूच नये. लग्न, आजारपण, दिवाळी यांपुढे हा सल्ला कठोर वाटेल याची मला जाणीव आहे; पण तातडीचे कारण असेल, तर लग्नपत्रिका किंवा रुग्णालयाचा कागद भाषांतरासह जोडून कार्यालयाकडे तातडीची अपॉइंटमेंट मागावी. लेखी कारण दिले की अशा विनंतीचा विचार होण्याची शक्यता वाढते.

पासपोर्टकडे दुर्लक्ष

परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिला जात नाही. पासपोर्टचे सातच महिने उरले असतील, तर नवे कार्डही तेवढ्याच काळाचे मिळते आणि मुदतवाढीचे 93 युरो पुन्हा भरण्याची वेळ लवकरच येते. म्हणून आधी भारतीय दूतावास किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्ग येथील वाणिज्य दूतावास यांच्यामार्फत पासपोर्ट नवा करून घ्यावा. पासपोर्टला वेळ लागत असेल, तर त्यासाठी मुदतवाढीचा अर्ज थांबवू नये. पासपोर्टच्या अर्जाची पावती जोडून तो मुदतीतच द्यावा.

तारीख आधीच उलटली असेल तर

सर्वांत वाईट चूक म्हणजे घाबरून गप्प बसणे. अर्ज राहून गेला असेल, तर आजच करावा आणि उशिराचे खरे कारण पुराव्यासह लिहावे. आजारपण, परीक्षा, कार्यालयाचे बंद पडलेले संकेतस्थळ, जे असेल ते. उशीर झालेल्या प्रकरणातही अन्याय्य त्रास टाळण्यासाठी जुना परवाना चालू मानण्याचा अधिकार कायद्याने कार्यालयाला दिला आहे, पण तो वापरायचा की नाही हे कार्यालय ठरवते, म्हणून विनंती स्पष्ट शब्दांत करावी. तोपर्यंत कामावर जाऊ नये. तसे काम पुढे मुदतवाढीच्या आड येऊ शकते. परवान्याविना राहणे हा गुन्हा ठरू शकतो, म्हणून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाचा किंवा विद्यार्थी संघटनेच्या कायदा सल्लागाराचा सल्ला त्याच आठवड्यात घ्यावा; ही मदत बहुतेक ठिकाणी विनामूल्य मिळते.

अर्ज वेळेत करूनही कार्यालय उत्तरच देत नसेल, तर दर दोन-तीन आठवड्यांनी जुन्या अर्जाची तारीख नमूद करून लेखी आठवण द्यावी. नोकरी जाण्याची वेळ आली असेल, तर फिक्शन मिळावे म्हणून प्रशासकीय न्यायालयाकडे तातडीचा अर्ज करता येतो, आणि पुरेशा कारणाविना तीन महिने निर्णय झाला नाही, तर निष्क्रियतेविरुद्ध दावाही दाखल करता येतो. त्या दाव्याला जोडायचा पहिला कागद म्हणजे मुदत संपण्यापूर्वी पाठवलेल्या अर्जाची पोच.