तोंडाला कोरड आणि घशात गोळा: काय करावे, काय टाळावे

घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटू लागले की आपण पुन्हा पुन्हा आवंढा गिळून ते गेले का हे पाहतो, आणि नेमके हेच टाळायला हवे. तोंडात पुरेशी लाळ नसताना गिळले तर घशाचे स्नायू कोरडेच आवळले जातात, गोळा अधिक जाणवतो आणि म्हणून आपण परत गिळतो. सतत खाकरण्यानेही असेच होते. गिळावेसे वाटेल तेव्हा पाण्याचा लहानसा घोट घ्यावा. पेलाभर पाणी एकदम पिण्याची गरज नसते.

जेवताना घास सहज उतरत असेल आणि गोळा फक्त एरवी जाणवत असेल, तर घशात बहुधा खरोखर काही अडकलेले नसते. स्नायूंचा ताण, मनावरचे दडपण किंवा जठरातील आम्ल वर येणे ही त्याची नेहमीची कारणे होत. मात्र घास अडकणे, गिळताना दुखणे, विनाकारण वजन घटणे, मानेत गाठ लागणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहणे, यांपैकी काहीही असल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.

कोरडेपणाचे कारण शोधताना आधी औषधांची यादी पाहावी. ॲलर्जीवरील, नैराश्यावरील आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते. कोणती गोळी केव्हा सुरू झाली आणि कोरड केव्हापासून आहे, हे शेजारी शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवावे. गोळी स्वतःहून बंद करू नये. तहान आणि लघवी दोन्ही वाढली असतील तर रक्तातील साखर तपासावी, आणि डोळेही कोरडे पडत असतील तर तेही आवर्जून सांगावे. झोपेत लाळ फारच कमी सुटते, त्यामुळे चोंदलेल्या नाकामुळे तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्याने आधी नाकाचा इलाज करावा.

दिवसा साखरविरहित च्युइंगम चघळल्याने लाळ सुटते. तंबाखू, मद्य आणि अल्कोहोलयुक्त माउथवॉश टाळावेत. लाळ कमी असली की दात लवकर किडतात, म्हणून फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरावी. आम्ल वर येत असेल तर झोपण्याआधी तीन तास काही खाऊ नये आणि पलंगाची डोक्याकडील बाजू सुमारे १५ सेंटिमीटर उंच करावी. नुसत्या उशा रचल्या तर शरीर कमरेत दुमडते आणि पोटावर उलट दाब येतो.