कॅनडाच्या पीआरला अप्लाय करताय? या चुका टाळा

गणपतीला गावी आलो की आरती झाल्यावर पडवीत तोच विषय निघतो. कोण लोट्याच्या एमआयडीसीत लॅबमध्ये आहे, कोण कतारला साइट सुपरवायझर आहे, कोण कुडाळची स्टाफ नर्स, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, कॅनडाची पीआर, म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगी, होईल का रे माझी? मी स्वतः लोट्यात केमिकल कंपनीत क्यूसीला होतो, पहिल्या वेळी माझं रिफ्यूज झालं, दुसऱ्या खेपेला झालं, मधे पावणेदोन वर्षं गेली. म्हणून जे नडतं ते जरा सविस्तर लिहितोय. हे सगळं एक्सप्रेस एंट्री या कॅनडाच्या ऑनलाइन पद्धतीतल्या, कुशल कामगारांसाठीच्या फेडरल स्किल्ड वर्कर प्रोग्रामबद्दल आहे, कारण आपल्याकडून इथूनच थेट अप्लाय करणारे बहुतेक त्यातच बसतात.

पहिली गल्लत पॉइंटची. दोन वेगळे हिशोब आहेत. एक १०० पैकी ६७ चा, तो नुसता दरवाजा. दुसरा सीआरएस, म्हणजे सगळ्या उमेदवारांची क्रमवारी लावणारे पॉइंट, १२०० पैकी, ज्यावर ड्रॉ लागतो, म्हणजे त्या वेळच्या कटऑफच्या वरच्यांनाच अर्जाचं बोलावणं येतं. पोरं सांगतात माझे ७० झाले, म्हणजे झालं काम. नाही झालं, २०२४ मधले जनरल ड्रॉ ५२० च्या वरच होते. आणि ६७ सुद्धा वाटतात तेवढे सोपे नाहीत, हे गणित बघा: बीएस्सीचे २१, वय ३५ पर्यंत १२, चार वर्षं अनुभवाचे १३, झाले ४६. आता इंग्रजीच्या आयईएल्ट्स परीक्षेत सगळीकडे सहा सहा आले तर भाषेचे १६, म्हणजे ६२, नापास. लिसनिंग साडेसात आणि बाकी तिन्ही साडेसहा आले तर २०, एकूण ६६, फक्त एका पॉइंटने बाहेर! लिसनिंग ८ आणि बाकी ७-७-७ आणलेत तर २४ आणि तुम्ही ७० वर. लग्न झालं असेल आणि बायकोही येणार असेल तर तिलाही परीक्षेला बसवा, तिने लिसनिंगला साडेचार, रीडिंगला साडेतीन आणि बाकी दोन्हीत चार आणले तरी ५ पॉइंट मिळतात, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं.

परीक्षा जनरल ट्रेनिंगची द्यायची, अ‍ॅकॅडमिकची नाही. मुंबईला रात्रीची गाडी पकडून जाऊन चुकीची परीक्षा देऊन आलेला माणूस मी बघितलाय, फी गेली आणि त्याहून महत्त्वाचे दोन महिने गेले. रिझल्ट दोनच वर्षं चालतो आणि अर्ज सबमिट करायच्या दिवशीही तो जिवंत असावा लागतो.

आता सगळ्यात मोठी चूक, जिच्यामुळे माझ्याच अर्जावर पाणी पडलं. एक्स्पिरियन्स लेटर. आपल्याकडे कंपनी सोडताना एचआर चार ओळींचं पत्र देतं, अमुक माणूस अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ऑफिसर म्हणून होता, वागणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी तेच जोडलं. तिकडच्या ऑफिसरला त्यातून काहीच कळत नाही. त्यांना लेटरहेडवर हुद्दा, काय काय काम केलंत त्याची यादी, आठवड्याचे तास, पगार आणि भत्ते, तारखा, सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा-फोन हे सगळं लागतं. माझ्या पत्रात कामाची यादी नव्हती, म्हणून अनुभव सिद्ध झाला नाही असं सांगून अर्ज नाकारला. नंतर कंपनीकडे गेलो तर म्हणाले आमचा फॉरमॅट ठरलेला आहे, बदलणार नाही. सहा महिने फेऱ्या मारल्या. शेवटी माझ्या जुन्या सिनियरने स्वतःच्या सहीने कामाचं सविस्तर पत्र दिलं, त्याला पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक, बँक स्टेटमेंट आणि कंपनी का लिहून देत नाही याचं माझं स्पष्टीकरणाचं पत्र, असं सगळं जोडलं तेव्हा मानलं. तुमचीही कंपनी बंद पडली असेल किंवा ऐकत नसेल तर हाच रस्ता आहे.

त्याच्याच जोडीने एनओसी कोड, म्हणजे कॅनडाच्या कामधंद्यांच्या सरकारी यादीतला तुमच्या कामाचा नंबर. हुद्द्याच्या नावावरून कोड निवडू नका, कामावरून निवडा. लोट्यातल्या पोरांसाठी मुद्दाम सांगतो. केमिस्टचा कोड २११०१ आणि केमिकल टेक्निशियनचा २२१००. मी रोज सॅम्पल घेऊन टायट्रेशन, जीसी, एचपीएलसी करायचो, ठरलेल्या पद्धतीने टेस्ट आणि रिपोर्ट, हे टेक्निशियनचं काम, पण माझ्या अपॉइंटमेंट लेटरवर केमिस्ट होतं म्हणून पहिल्यांदा मी २११०१ टाकलं. दोन्ही कोड चालणारेच आहेत, पण काम एक आणि कोड दुसरा असला की शंका येते. प्लांटवाल्यांचं तर जास्त नाजूक आहे. प्रोसेस ऑपरेटर ९३१०१ मध्ये बसला तर टीईईआर (कामाला लागणाऱ्या शिक्षण-प्रशिक्षणाची पातळी) ३, म्हणजे पात्र, आणि तोच माणूस मशीन ऑपरेटर म्हणून ९४११० मध्ये गेला तर टीईईआर ४, म्हणजे या प्रोग्रामला तो अनुभव धरतच नाहीत. सरकारी साइटवर कोडची व्याख्या आणि कामांची यादी असते, ती शांतपणे वाचा, आणि आपलं खरं काम आपल्या शब्दांत लिहून घ्या, यादी जशीच्या तशी उतरवू नका, ते लगेच ओळखतात.

अजून एक, अनुभव पगारी हवा, आणि किमान एक वर्ष सलग एकाच कोडमध्ये, आठवड्याला ३० तास धरून १,५६० तास. बारा तासांच्या शिफ्ट केल्या म्हणून वर्ष लवकर भरत नाही. आणि तारकर्लीला काकाच्या होमस्टेचं सगळं मी बघायचो, पण पगार घेतला नाही, तर तो अनुभव धरला जात नाही, कितीही राबला असाल तरी.

पैशांचं आता. तिकडे बस्तान बसवण्यापुरते पैसे आहेत हे दाखवावं लागतं. जुलै २०२५ च्या तक्त्यात एकट्या माणसाला १५,२६३ कॅनेडियन डॉलर दाखवायचे होते, हा आकडा दरवर्षी बदलतो, अर्ज करताना ताजा बघा. आपल्याकडची माणसं म्हणतात माझी दोनशे कलमांची हापूसची बाग आहे, सातबारा जोडतो. नाही चालत. जमीन, घर, बाग, यातलं काही धरत नाहीत, उसनवारीचा पैसा तर नाहीच. बँकेच्या पत्रात खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, मागच्या सहा महिन्यांची सरासरी आणि कर्ज असेल तर तेही असावं लागतं. मग मे महिन्यात आंब्याचे चार लाख एकदम खात्यात आले की प्रश्न पडतो, हे कुठून आले? वाशी मार्केटच्या दलालाची पट्टी जपून ठेवा, तीच तुमचा पुरावा. वडिलांनी दिले असतील तर गिफ्ट डीड करा आणि वडिलांकडे ते कुठून आले तेही दाखवा.

गावी राहणारी बायको-मुलं लपवू नका, हे हात जोडून सांगतो. एकाने माणसं कमी दाखवली तर पैसेही कमी लागतील म्हणून सुचवलं होतं. कुटुंबाची संख्या मोजताना सोबत न येणारेही धरतात, आणि अर्जात न दाखवलेल्या बायकोला किंवा मुलाला नंतर स्पॉन्सर करायचा रस्ता बहुतेक बंदच होतो. अर्ज चालू असताना बाळ झालं तर तेही लगेच कळवायचं. खोटी माहिती पकडली गेली तर पाच वर्षं बंदी येते.

नावांचं थोडक्यात. मुंबई युनिव्हर्सिटीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, ताईंच्या डिग्रीवर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं, हे सगळं आधीच जुळवा किंवा मॅरेज सर्टिफिकेट, अ‍ॅफिडेव्हिट लावून समजावून सांगा. ग्रामपंचायतीचा दाखला मराठीत असेल तर भाषांतर हवं, आणि ते घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, तुमचा मामा हायस्कूलला इंग्रजी शिकवत असला तरी.

गल्फवाल्यांनी तिथून निघायच्या आधीच पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला, काढून घ्यावा. मागच्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचा लागतो आणि एकदा घरी आलात की तो मिळवायला फार खेपा पडतात.

एजंट. प्रोफाइल बनवायला एक रुपया लागत नाही. फी नंतर अर्जाच्या वेळी, एप्रिल २०२४ मध्ये ती अर्जाचे ९५० आणि पीआरच्या हक्काचे ५७५ असे १,५२५ कॅनेडियन डॉलर झाली होती. पैसे घेऊन सल्ला देणारा कन्सल्टंट तिकडच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत असला पाहिजे, नाव ऑनलाइन तपासता येतं. जॉब ऑफर विकणाऱ्यांपासून तर लांबच रहा, मार्च २०२५ पासून सीआरएसमध्ये जॉब ऑफरचे पॉइंटच काढून टाकलेत आणि तरी काही जण त्यासाठी लाखो रुपये मागतायत. प्रोफाइलवर ईमेल तुमचाच हवा. इन्व्हिटेशन आल्यापासून फक्त ६० दिवस असतात, आणि ते मेल एजंटच्या इनबॉक्समध्ये पडून राहिलं म्हणून एका पोराचे ४० दिवस वाया गेले, उरलेल्या २० दिवसांत त्याचा पोलीस क्लिअरन्स झालाच नाही.

वयाचं भान ठेवा. सीआरएसमध्ये एकट्या माणसाला २९ पर्यंत ११० मिळतात, ३३ ला ८८, ३५ ला ७७, चाळिशीला ५०. म्हणून वाट बघत बसू नका. डिग्रीचं इव्हॅल्युएशन, म्हणजे ती कॅनडातल्या कुठल्या डिग्रीच्या तोडीची आहे याचा रिपोर्ट, पाच वर्षं चालतं, ते आजच सुरू करा, युनिव्हर्सिटीकडून ट्रान्सक्रिप्ट जायलाच किती वेळ लागतो ते अनुभवाल.

आणि या दिवाळीनंतर जे लोट्यातली नोकरी बदलणार आहेत त्यांना एकच विनंती, राजीनाम्याचा मेल टाकण्याआधी कामाची यादी असलेलं पत्र एचआरकडून घ्या, साहेब रोज समोर दिसतायत तोवर सही मिळते.