अँजिओप्लास्टीनंतर फिरायला निघताय? या चुका टाळा

अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेल्या माणसाचं आपल्याकडे दोनपैकी एक होतं. एकतर घरचे त्याला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत, नाहीतर 'ब्लॉकेज निघालं, आता कसली भीती' म्हणत तो स्वतःच टेकडी गाठतो. आमच्या बाबांनी दोन्ही केलं. आधी तीन आठवडे पलंग, मग एकदम पर्वती. १०३ पायऱ्यांपैकी निम्म्याही झाल्या नाहीत, तोवर घामाघूम होऊन बसले.

अँजिओप्लास्टीत धमनीत बसवलेली जाळी, म्हणजे स्टेंट, एका जागचा अडथळा काढतो. बाकीच्या धमन्यांतला चरबीचा थर तसाच असतो, आणि झटका येऊन गेला असेल तर हृदयाच्या स्नायूची जखम भरायलाही काही आठवडे लागतात. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की सपाट रस्त्यावर, सकाळ-संध्याकाळ ५ ते १० मिनिटं. जमलं की दर थोड्या दिवसांनी दोन-चार मिनिटं वाढवायची. आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जायचंय, पण पहिल्याच महिन्यात नव्हे.

पर्वतीनंतर बाबांची दुसरी चूक मनगटावर होती. २२० वजा वय, त्याचे अमुक टक्के, असा हिशोब करून ते घड्याळातला नाडीचा आकडा गाठायला जोरजोरात चालायचे. आकडा काही वाढेना. वाढणार कसा? मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारख्या गोळ्या नाडी वाढू न देण्यासाठीच असतात. ही गोळी चालू असेल तर तो हिशोब सोडून द्या आणि श्वासाकडे बघा : चालताना बोलता यावं, गाणं मात्र म्हणता येऊ नये. बोलतानाच धाप लागली तर वेग जास्त झाला. बाबा आता मित्राशी राजकारणावर भांडत चालतात. दम लागला की वेग कमी करतात. चालण्याचा, भांडणाचा नाही.

घराच्या फाटकाशी येऊन धाडकन थांबू नका. पायांतलं रक्त पायांतच साचतं, रक्तदाब उतरतो, चक्कर येते. शेवटची पाच मिनिटं रमतगमत चाला. आल्या आल्या कडकडीत पाण्याने आंघोळ केली तरी तेच होतं. जेवणावर लगेच फिरणं आणि डिसेंबरातल्या गारठ्यात पहाटे बाहेर पडणं, दोन्ही नको.

चालण्यापेक्षा जास्त दगा देतं ते श्वास रोखून जोर लावणं. भरलेला सिलिंडर सरकवणं, कुंडी उचलणं, बंद पडलेली स्कूटर ढकलणं, शौचाला कुंथणं : या क्षणी रक्तदाब एकदम उसळतो. बायपास झालेल्यांना तर छातीचं हाड सांधेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन महिने, जड उचलायचंच नसतं.

छातीत दाटलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर 'गॅस असेल, चाललं की मोकळं होईल' हे वाक्य तोंडातून काढू नका. थांबा, बसा. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती बसूनच घ्या; उभ्याने घेतली तर रक्तदाब घसरून पडाल. पाच मिनिटांत आराम नाही पडला तर १०८. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाणं हा शूरपणा नव्हे. लैंगिक क्षमतेसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा. लाजून लपवतात लोक, पण या दोन गोळ्या एकत्र आल्या तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जाऊ शकतो.

दात काढायचाय म्हणून अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल परस्पर बंद करणं ही तशीच मोठी चूक. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. एकादशीला गोळ्यांचाही उपास नको.

'आम्ही सैंधव खातो' हे अनेक घरांत ऐकू येतं. सैंधवातही मुख्यतः तेच सोडियम असतं. दिवसाचं मीठ एकूण ५ ग्रॅमच्या आत, त्यात लोणचं-पापडही आलं. कमी सोडियमचं म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या असतील तर तेही विचारूनच. फिरून येताना टपरीवर तंबाखू मळणाऱ्यांना काय सांगणार!

हृदयाचं पंपिंग कमी सांगितलं असेल तर रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा चप्पल घट्ट व्हायला लागली, तर ती चरबी नसते, पाणी साचलेलं असतं. त्या दिवशी फिरायला नको, डॉक्टरांना फोन करा.