व्ह्यूज आले, पैसे कुठे अडले? गोव्यातल्या व्हिडिओवाल्यांनो, या चुका टाळा

चवथीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वाड्यावरच्या मुलांची घुमट आरती मी माझ्या यूट्यूब चॅनेलवर टाकली. तीन दिवसांत कधी नव्हे इतके लोक बघून गेले. कमाईच्या रकान्यात मात्र भोपळा, आणि व्हिडिओसमोर 'कॉपीराइट दावा'. डोकंच फिरलं. घुमट आमचं, शामेळ आमचं, कांसाळं आमची, सगळी वाद्यं आमची, गळेही आमचेच. मग दावा कसला?

व्हिडिओ पुन्हा नीट ऐकला तेव्हा उलगडा झाला. आरती संपल्यावर मी कॅमेरा चालूच ठेवला होता, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीवरून सावकाश फिरवत. तेवढ्यात मागे शेजाऱ्यांच्या लाऊडस्पीकरवर एक भजन सुरू झालेलं. जेमतेम चाळीस सेकंद, पण कंटेंट आयडीला, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेला, तेवढं पुरतं. समर्थांची आरती कुणाच्या मालकीची नाही. पण कुणीतरी स्टुडिओत गाऊन घेतलेलं रेकॉर्डिंग त्या कंपनीचं असतं, आणि दावा लागला की जाहिरातीचे पैसे बहुतेक वेळा तिकडेच वळतात. 'श्रेय दिलंय', 'थोडंसंच वाजलंय' ही कारणं चालत नाहीत. यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढा तुकडा कापला किंवा आवाज बंद केला की दावा सुटतो. व्हिडिओ काढून पुन्हा चढवायची गरज नाही. तसं केलंत तर आलेले व्ह्यूजही गेले.

उलट प्रकारही होतो. तुम्ही स्वतः गायलेली पारंपरिक चाल यंत्राला कुठल्यातरी अल्बमसारखी वाटते. तेव्हा गप्प बसू नका, हरकत घ्या. पाच दिवसांच्या आत घेतली तर दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनचे पैसे निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवले जातात. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. मात्र खात्री नसताना हट्टाने पुढे पुढे अपील करत राहिलात तर प्रकरण स्ट्राइकपर्यंत, म्हणजे चॅनेलवर लागणाऱ्या ठपक्यापर्यंत, जाऊ शकतं, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनेल बंद होण्याचीच पाळी.

पात्रतेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे सगळीकडे लिहिलेलं असतं तरी माणसं फसतातच. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत. शिगम्याच्या रोमटामेळाचे (ढोल-ताशांच्या मिरवणुकीचे) शॉर्ट्स धो धो चालले म्हणून 'तास भरले' असं समजून बसलेले दोघे तरी मला माहीत आहेत. तिसऱ्याने चॅनेल 'स्वच्छ' करायचं म्हणून जुने व्हिडिओ प्रायव्हेट केले आणि होते ते तासही घालवले.

आता पत्राची गोष्ट. अ‍ॅडसेन्समध्ये, म्हणजे यूट्यूबची कमाई जिथे जमते त्या गूगलच्या खात्यात, १० डॉलर जमले की गूगल तुमच्या पत्त्यावर पिन (पडताळणीचा आकडा) पाठवतं, साध्या टपालाने. यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार महिन्यांत पिन भरला नाही तर पैसे अडतात. आपल्याकडचे पत्ते कसे असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे: घर नंबर, वाडा, 'देवळाजवळ', गाव, तालुका. मी फॉर्मवर नुसतं गाव आणि डिचोली लिहिलं होतं. पहिलं पत्र आलंच नाही. दुसरं कडेच्या पोसऱ्यावर, म्हणजे वाण्याच्या दुकानात, नारळांच्या पोत्याखाली सापडलं. कडा फाडून उघडायचं घडीचं पत्र, दुकानदाराला वाटलं जाहिरातीचा कागद. घर नंबर, वाडा आणि पोस्टाचा पिनकोड बिनचूक लिहा, आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा.

नावाचं त्याहून वाईट. आमच्याकडे एकाच घरात पोर्तुगीज काळच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. अ‍ॅडसेन्सवरचं नाव बँक खात्यावरच्या नावाशी जुळायला हवं. मुलाचं चॅनेल आणि वडिलांचं खातं असला जुगाडही शेवटी अडकतो. १०० डॉलर जमेपर्यंत पैसे निघत नाहीत, त्यामुळे हा घोळ पहिला हप्ता यायच्या वेळीच कळतो.

त्याच खात्यात अमेरिकी कराचा फॉर्म असतो. 'आपला काय संबंध' म्हणून लोक तो टाळतात. न भरल्यास तुमच्या जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापलं जाऊ शकतं. पॅन टाकून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर कपात १५ टक्के, आणि तीही फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे मिळालेल्या रकमेवर.

किनारपट्टीच्या रिसॉर्टने दोन रात्री फुकट ठेवलं, जेवू घातलं, तर ते उत्पन्नच. एकाकडून वर्षभरात २०,००० रुपयांवर असा लाभ झाला तर १० टक्के टीडीएसचा नियम १ जुलै २०२२ पासून आहे. व्हिडिओत 'ही जाहिरात आहे' हे मराठीत, स्पष्ट आणि सुरुवातीलाच सांगा, पेड प्रमोशनच्या खुणेवर टिक करा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. वर्णनाच्या तळाशी, हॅशटॅगांच्या गर्दीत लपवणं म्हणजे सांगणं नव्हे.

आणि एक गोष्ट जी मुंबई-पुण्याचे यूट्यूबर कधीच सांगणार नाहीत, कारण ती त्यांना लागूच नाही. लग्नात वेगळा करार केला नसेल तर गोव्याच्या नागरी कायद्याने नवरा-बायकोची संपत्ती सामाईक असते. म्हणून पगार सोडून बाकीचं उत्पन्न कराच्या हिशेबाला दोघांत निम्मं-निम्मं विभागायचं असतं. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ५ए म्हणून आलं. चॅनेलची कमाई पगार नाही, म्हणजे तीही विभागायची. मी पहिल्या वर्षी सगळी रक्कम माझ्याच नावावर दाखवली, गोव्याबाहेरचा एक ऑनलाइन रिटर्नवाला गाठला होता, त्याने विचारलंच नाही. दुसऱ्या वर्षी इथल्या सीएने पहिला प्रश्न केला, "लग्न झालंय?" मग बायकोचा पॅन माझ्या रिटर्नच्या शेड्यूल ५ए मध्ये गेला आणि निम्मी कमाई तिच्या रिटर्नमध्ये. हे तिला घरी येऊन सांगितलं तर म्हणाली, "मग पुढच्या चवथीला कॅमेरा कधी बंद करायचा ते मी सांगणार."