कन्स्ट्रक्टरमध्ये अवेट चालत नाही? मग हे करा

जावास्क्रिप्टमध्ये कन्स्ट्रक्टरमधून (‘न्यू’ केल्यावर आपोआप चालणारा क्लासचा भाग) सर्व्हरवरची माहिती मागवली. क्लासचा ऑब्जेक्ट तयार झाला, पण माहिती अजून वाटेतच. पुढच्याच ओळीत ‘सेटिंग्ज’ वाचायला जावं तर हातात ‘अनडिफाइन्ड’. अवेट (म्हणजे ‘उत्तर येईपर्यंत थांब’) फक्त असिंक फंक्शनमध्ये चालतो म्हणून कन्स्ट्रक्टरला असिंक करायला गेलात तर सरळ सिंटॅक्स एरर. काही जण सेटटाइमआउट लावून दोन सेकंद थांबतात. तो निव्वळ जुगार आहे, नेटवर्क मंद झालं की पुन्हा तेच.

त्यापेक्षा असं करा:

१. कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त तयार माहिती घेऊन ‘धिस’वर, म्हणजे त्या ऑब्जेक्टवरच, ठेवा. फेच (सर्व्हरकडून माहिती मागवणारं फंक्शन) वगैरे तिथून काढून टाका.

२. त्याच क्लासमध्ये ‘क्रिएट’ नावाची स्टॅटिक (थेट क्लासच्या नावावरून बोलवता येणारी) असिंक मेथड लिहा. आत आधी फेचवर अवेट, मग आलेल्या उत्तराच्या जेसन मेथडवर अवेट (हा दुसरा अवेट हमखास विसरला जातो), आणि शेवटी ती माहिती देऊन ‘न्यू’ केलेला ऑब्जेक्ट रिटर्न करा.

३. बाहेरून ‘न्यू’ऐवजी अवेट लावून ‘क्रिएट’ बोलवा.

आता ऑब्जेक्ट मिळतो तो भरलेलाच. टाइपस्क्रिप्ट वापरत असाल तर कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट करून टाका, म्हणजे घाईत कुणी थेट ‘न्यू’ केलं तर कंपायलरच अडवेल.

एक मात्र सांभाळा. असे बरेच ऑब्जेक्ट बनवायचे असतील तर फॉरईच या लूपसारख्या मेथडमध्ये अवेट लिहू नका, फॉरईच कुणासाठी थांबत नाही. साधा फॉर-ऑफ लूप घ्या, एकामागून एक होतील. क्रमाशी देणंघेणं नसेल तर प्रॉमिस डॉट ऑल वापरा, सगळी कामं एकदम चालतात आणि लवकर उरकतात.